लढाई तिकडं, गाणं इकडं

"बाई, आमच्या नातीच्या फोनमधला झोल गेलाय बघा!"

माईंनी भिंतीपलीकडून ही बातमी दिली तेव्हा मी म्हटलं, गेला तर बरंच झालं की. हल्ली ज्याच्या त्याच्या फोनमध्ये झोलच असतो. कुणाचा ओटीपी जातो, कुणाचे पैसे जातात. पण माईंचा चेहरा उतरलेला. मागून नात ओरडली, "टीचर, गाणं आहे ते! कोक स्टुडिओ पाकिस्तानचं. स्पॉटिफायवरून उडवलं."

नाशिकच्या जेल रोडवर आमची रो हाउसं एकमेकांना चिकटून आहेत आणि मधली कंपाउंडची भिंत जेमतेम कमरेएवढी. बिल्डरनं सिमेंट वाचवलं, आमची सोय झाली. पाण्याची वेळ, कांद्याचा भाव, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, हे सगळं त्या भिंतीवरून होतं. परराष्ट्र धोरण मात्र पहिल्यांदाच आलं.

तर झालं होतं असं. ऑपरेशन सिंदूरच्या दुसऱ्या दिवशी, ८ मे २०२५ला, केंद्र सरकारनं ओटीटी आणि स्ट्रीमिंगवाल्यांना सूचना काढली, की पाकिस्तानातून आलेले सिनेमे, मालिका, गाणी, पॉडकास्ट, जे काही असेल ते थांबवा. 'झोल' त्यातच गेलं. एवढ्यावर भागलं नाही. आपल्याच हिंदी सिनेमांच्या गाण्यांवर जी चित्रं असतात, त्यातल्या पाकिस्तानी नट्यासुद्धा पुसल्या गेल्या. 'सनम तेरी कसम'च्या चित्रात जोडी होती, तिथं आता आपला हीरो एकटाच उभा. नातीनं ते दाखवलं तेव्हा माई म्हणाल्या, "अगं बाई, बायको माहेरी गेल्यासारखा दिसतोय."

तिकडच्यांनीही हात राखला नव्हता. पाकिस्तानच्या एफएम स्टेशनांनी १ मेपासूनच भारतीय गाणी बंद करून टाकली होती.

तेवढ्यात नाना आले. नाना म्हणजे माईंचे यजमान, मूळचे सिन्नरकडचे, देवळालीच्या तोफखान्यात घडलेले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात नवं काय? पासष्टलाबी हेच झालं."

नानांचं खरं आहे. १९६५च्या लढाईत पाकिस्ताननं हिंदी सिनेमे बंद केले आणि ती बंदी चाळीस वर्षांवर टिकली. पण त्याच वर्षी आपल्या आकाशवाणीनं उर्दू सेवा काढली, तिची गंमत लोकांना फारशी ठाऊक नसते. हेतू अगदी सरकारी होता: सीमेपलीकडच्या माणसाला आपली बाजू ऐकवायची. आता शत्रूच्या रेडिओवरची बाजू कोण मुद्दाम लावून ऐकतो? म्हणून बातम्यांच्या आगेमागे गाणी ठेवली. झालं! लाहोर-कराचीची माणसं फर्माइशींची पत्रं लिहायला लागली. थेटरात आपला सिनेमा बंद, आणि घरात रात्री लता-रफी चालू. सरकारांनी दार लावलं आणि सरकारांनीच खिडकी उघडली. बाजू किती पटली देव जाणे, गाणी मात्र पटली.

"म्हणजे व्हीपीएनच की," नात म्हणाली. नानांना व्हीपीएन कळलं नाही, मला उर्दू सेवा तिला समजावता आली नाही, पण दोघी एकच बोलत होतो.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकात लढायांची कारणं आणि परिणाम असे दोन तक्ते असतात. परिणामांच्या तक्त्यात तह येतात, प्रांत येतात, मनुष्यहानी येते. गाणी कधीच येत नाहीत. आणि माझं मत असं झालंय, की लढाईचा सर्वात टिकाऊ परिणाम तिथंच असतो. पण लोक समजतात तसा नाही. लोकांना वाटतं लढाई झाली की वीरश्रीची गाणी येतात. येतात, आणि बहुतेक पुढच्या पावसाळ्यात वाहूनही जातात. राहतं ते वेगळंच: गाणं घरापर्यंत पोचवायचा जो नवा रस्ता लढाईनं किंवा एखाद्या मंत्र्याच्या हुकमानं पडतो, तो.

याचा सगळ्यात मोठा दाखला आमच्या पिढीच्या कानात आहे. बिनाका गीतमाला.

"बुधवारी रात्री आठ!" माई एकदम बोलल्या. चेहऱ्यावर एकदम सोळा वर्षांचं तेज. त्यांच्या माहेरी रेडिओ नव्हता, समोरच्या दुकानदाराकडं होता, आणि दुकानदार बुधवारी मुद्दाम उशिरा फळ्या लावायचा.

आता हा बिनाकाचा पसारा उभा राहिला कसा बघा. दुसरं महायुद्ध चालू होतं. जपाननं ब्रह्मदेश घेतलेला. आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सेनापती लॉर्ड माउंटबॅटन, त्यांनी आपलं मुख्यालय दिल्लीहून हलवून लंकेत कँडीला नेलं. आपल्या सैनिकांना करमणूक हवी, बातम्या हव्यात, म्हणून कोलंबोला एक दांडगं रेडिओ केंद्र उभारलं, रेडिओ सीॲक. ट्रान्समीटर असा ताकदीचा की अख्खा आशिया ऐकेल. युद्ध संपलं, फौजा घरी गेल्या, लंका स्वतंत्र झाली आणि ते धूड लंकेच्या पदरात पडलं. त्याचंच रेडिओ सिलोन झालं. चिमुकला देश, आणि हातात लष्करी ताकदीचा आवाज. करायचं काय? त्यांनी जाहिराती घ्यायला सुरुवात केली.

आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडं केसकर मंत्री झाले.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे. नेहरूंनी त्यांना आधी परराष्ट्र खात्यात उपमंत्री केलं होतं, १९५२ला माहिती आणि नभोवाणी खात्यात आणलं. शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. हिंदी सिनेमातली गाणी त्यांना उथळ आणि पाश्चात्त्यांची उसनवारी वाटायची. त्यांनी आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आवळत आणली, निर्मात्यांशी वाजलं आणि निर्मात्यांनी आपली गाणीच काढून घेतली. देशभरचे रेडिओ एकाएकी सोवळ्यात गेले.

मी केसकरांना खलनायक करणार नाही, कारण संस्थानं गेल्यावर ज्या गवयांची चूल विझायची वेळ आली होती, त्यांना आकाशवाणीनं पगार आणि मान दिला, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो १९५२लाच. ते ऋण मोठं आहे. पण परराष्ट्र खात्यात चार वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळू नये की रेडिओच्या लहरींना पासपोर्ट लागत नाही? ३ डिसेंबर १९५२ला, बुधवारी, रेडिओ सिलोनवरून गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेपा विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून गाणी परत आपल्याच माजघरात यायची. स्विस कंपनीची टूथपेस्ट, ब्रिटिश लष्कराच्या पुण्याईचं केंद्र, सिंहली सरकारचा गल्ला आणि ऐकणारे कोण, तर नाशिकचे, मालेगावचे, झुमरीतलैयाचे.

"आमी देवळालीला बराकीत ऐकायचो," नाना म्हणाले. "एकाचा ट्रान्झिस्टर, चाळीस जण भोवती. आवाज जायचा, यायचा. गेला की शिव्या, आला की शांतता."

पाच वर्षांनी सरकार शुद्धीवर आलं. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती निघाली, केसकरांच्याच कारकिर्दीत. पुढं ते १९६२ला मंत्रिमंडळातून गेले, आणि १९६३ला फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत राममनोहर लोहियांकडून हरले. त्या पराभवात गाण्यांचा काही वाटा होता असं मी म्हणणार नाही. माई मात्र ठामपणे म्हणाल्या, "असणारच!"

१९६३ म्हटलं की आम्हा नाशिककरांना आणखी एक पोटनिवडणूक आठवायला हवी. चीननं ऑक्टोबर १९६२ला मारलं, कृष्ण मेनन गेले, आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे आपण अजून म्हणतो. पण सह्याद्रीला लोकसभेत बसायला जागा लागते. ती नाशिकनं दिली, बिनविरोध. म्हणजे त्या काळात देशाचा संरक्षणमंत्री आपला खासदार होता. आपल्या टिळकवाडीतले कुसुमाग्रज तेव्हा पेटलेल्या हिमालयावर कविता लिहीत होते. ती पुढं पाठ्यपुस्तकात आली आणि मी ती पोरांकडून घसा फुटेस्तोवर म्हणून घेतली आहे. मराठी सिनेमात 'छोटा जवान' आला १९६३ला, त्यात माडगूळकरांचे शब्द, वसंत देसाईंची चाल आणि आवाज महेंद्र कपूरचा. पंजाबी गळ्यातून आलेलं ते मराठी समरगीत शाळाशाळांतून दुमदुमलं. आमच्या शाळेत कवायतीला तेच असायचं.

आणि मग पुणतांब्याचा माणूस.

इथं नाना सावरून बसले, कारण सी. रामचंद्र हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. रामचंद्र चितळकर. जन्म पुणतांब्याचा, म्हणजे नगर जिल्हा म्हणा, पण मनमाडहून गाडीत बसलं की आलंच. हा माणूस म्हणजे या सगळ्या विषयाची चालती बोलती वही आहे. 'शहनाई' १९४७ची, 'अलबेला' १९५१चा. भगवानदादा ज्या चालींवर कंबर हलवायचे त्या चालींत ट्रंपेट, सॅक्सोफोन, बोंगो भरलेले. ते आले कुठून? पोर्तुगीजांच्या गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना सुरावट वाचायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायची. युद्धाच्या वर्षांत गोऱ्या फौजींना नाचायला बँड हवे होते, धंदा तेजीत. मग फौजी गेले, संस्थानिक गेले, वर मोरारजींची दारूबंदी आली. हॉटेलांच्या रात्री ओस पडल्या आणि वाजवणारे सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. चिक चॉकलेट नावानं गाजलेला गोव्याचा ट्रंपेटवाला सी. रामचंद्रांच्या जोडीला होता. म्हणजे केसकरांना ज्याची शिसारी यायची ती उसनवारी फौजांच्या वाटेनंच आली होती.

आणि याच माणसानं, ज्यानं देशाला ठेक्यावर नाचवलं, त्यानं २७ जानेवारी १९६३ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर देशाला रडवलं. कवी प्रदीपांचे शब्द, लताबाईंचा आवाज, समोर पंडित नेहरू. 'ऐ मेरे वतन के लोगो'. गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे. भिंतीवरच्या गोष्टी त्याच्या पुढच्या. आधी ते दोघी बहिणींनी मिळून गायचं घाटत होतं, हे लताबाईंनीच नंतर सांगितलंय. ज्यांनी लिहिलं त्या प्रदीपांना त्या दिवशी बोलावणंच नव्हतं. आणि गाण्याचं उत्पन्न हुतात्म्यांच्या विधवांसाठी द्यायचं ठरलं होतं, तर त्या पैशासाठी प्रकरण कोर्टात गेलं. २००५ला मुंबई उच्च न्यायालयानं रेकॉर्ड कंपनीला दहा लाख रुपये भरायला सांगितले.

"बेचाळीस वर्षांनी," नाना म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत.

मी मघाशी म्हटलं की वीरश्रीची गाणी वाहून जातात, त्याला हे गाणं अपवाद आहे. का, याचं माझं उत्तर असं: त्यात वीरश्री नाहीच. हरलेल्या देशाचं ते गाणं आहे. चढाई नाही, धमकी नाही, नुसता शोक आहे. जिंकलेल्या लढायांची गाणी आठवून बघा बरं. १९७१ ही आपली सर्वात मोठी जीत, आणि त्या वर्षीचं त्या तोडीचं एकही गाणं लोकांच्या ओठी नाही. राजस्थानातल्या त्याच लढाईवरचं जे गाणं आज चौकाचौकांत १५ ऑगस्टला लागतं, ते आलं 'बॉर्डर'मध्ये, १९९७ला, सव्वीस वर्षांनी. आणि तेही घरच्या पत्रांवर आहे, तोफांवर नाही.

"तोफांवर गाणं करायला तोफ ऐकायला लागती," नाना म्हणाले. "ज्यानं ऐकली त्याला गाणं नको, झोप हवी असती."

मग त्यांनी सांगितलं ते मला इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. विविध भारतीवर फौजींसाठी जयमाला लागायची, शनिवारी तर नट-नट्या येऊन सादर करायच्या. नानांच्या तुकडीतले जवान पोस्टकार्डावर नाव, हुद्दा आणि मार्फत ५६ एपीओ असं लिहून फर्माइश धाडायचे. "काय मागायचो सांगू? सगळी प्रेमाची गाणी. रुसवा, फुगवा, श्रावण. देशभक्तीचं गाणं मागणारा एकच गडी होता, तो स्वयंपाकी."

देवळालीचा विषय निघाला म्हणून मी माझ्याकडची पुडी सोडली. ही ऐकून नानासुद्धा चकित झाले.

ब्रिटिशांच्या काळात देवळाली ही गोऱ्या सैनिकांची मुक्कामाची छावणी. महायुद्धात तिथं तोफखान्याची नाटकमंडळी होती, कॉन्सर्ट पार्टी: सैनिकच गाणार, नाचणार, बायकांची कामंही तेच करणार. त्यात जिमी पेरी नावाचा एक पोरगा होता. घरी गेला, मोठा लेखक झाला आणि डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्यानं देवळालीवर बीबीसीसाठी अख्खी विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ चालली. त्या मालिकेतल्या दोन नटांनी, दरडावणारा सार्जंट मेजर आणि बुटका गायक तोफची, या सोंगातच १९४०च्या काळातलं एक जुनं अमेरिकन गाणं म्हटलं, आणि ते १९७५च्या जूनमध्ये इंग्लंडात तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. आपल्या देवळाली कॅम्पातली बराक, आणि तिकडं बीटल्सच्या देशात नंबर एक!

"आमाला काय मिळालं त्यातून?" माईंचा रोकडा प्रश्न.

काही नाही. उलट मालिकेत भारतीय नोकराचं मुख्य काम गोऱ्या नटानं तोंड काळवंडून केलं होतं, त्यामुळं आता बीबीसी ती पुन्हा दाखवत नाही. आणि तेच बरं.

माईंचा भाऊ ओझरला एचएएलमध्ये होता, मिगच्या कारखान्यात. तो कारखाना नाशिकला आला हीदेखील परराष्ट्र धोरणाचीच करणी. १९६२ला सोव्हिएत युनियनशी करार झाला, १९६४ला ओझरचं काम उभं राहिलं, आणि द्राक्षबागांवरून मिग घोंगावू लागले. भाऊ सांगायचा, कुणी रशियन तंत्रज्ञ आला की ओळखीपाळखीत राज कपूर निघायचाच. 'आवारा' तिकडं १९५४ला लागला आणि सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. पुढं मिथुनचा 'डिस्को डान्सर' तसाच चालला, बप्पी लाहिरींच्या चाली मॉस्कोत वाजल्या. स्टालिन गेल्यावर त्यांना जगाकडं खिडकी हवी होती, अमेरिकेचे सिनेमे नको होते, आणि अलिप्ततेचं राजकारण करणारे आपण नेमके मधे उभे. पण एक लक्षात घ्या: ओझरची एवढी वर्षं झाली, जेल रोडवर कुणाला एक तरी रशियन गाणं येतं का? विमानं तिकडून आली, गाणी इकडून गेली. या एका व्यवहारात आपण फायद्यात राहिलो असं मी म्हणेन.

रशियाचं नाव निघालं आणि मला अण्णाभाऊ साठे आठवले. हिटलरनं जून १९४१ला रशियावर हल्ला केला तशी आपल्याकडच्या कम्युनिस्ट पक्षाची भूमिका पालटली. साम्राज्यवाद्यांचं युद्ध होतं ते लोकयुद्ध झालं. पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचं नावच 'लोकयुद्ध'. व्होल्गा ज्यांनी पाहिली नव्हती त्या वाटेगावच्या अण्णाभाऊंनी १९४३ला स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. पुढच्या वर्षी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तुणतुणं आणि डफावर लाल सेनेचा पराक्रम, ऐकणारे गिरणीतले कामगार. अण्णाभाऊ प्रत्यक्ष रशियाला गेले ते १९६१ला. पक्षाची ती भूमिका चुकली असं म्हणणारे पुष्कळ आहेत, कारण इथं बेचाळीसचं आंदोलन पेटलं होतं. पण कलापथकानं जो फड तयार केला त्याच फडावर पुढं संयुक्त महाराष्ट्राचा लढा गाजला. रस्ता एका कामासाठी पाडला, वाहतूक दुसरीच झाली.

त्याच १९४३ला बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत'मध्ये प्रदीपांनी परक्यांना चालतं व्हायला सांगणारं गाणं लिहिलं, आणि परके म्हणून शहाजोगपणे जर्मनी-जपानची नावं घालून ठेवली. इंग्रजांच्या सेन्सॉरनं मान डोलावली. प्रेक्षकांना परके कोण हे बरोबर कळलं. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो सिनेमा तीन वर्षांवर चालला. हे प्रदीप वीस वर्षांनी पुन्हा भेटतात ते नॅशनल स्टेडियमवर.

नातीला या सगळ्यात रस नव्हता. तिचं दैवत कोरियन, बीटीएस. मी तिला विचारलं, तुझे ते सात जण मधे दोन-तीन वर्षं एकत्र का दिसेनात? ती म्हणाली, आर्मीत होते. नाना ताठ झाले. "कोण? हे रंगीत केसांचे?" तर हो. उत्तर कोरियाशी १९५३ला फक्त शस्त्रसंधी झाली, तह झालाच नाही, त्यामुळं तिथल्या प्रत्येक धडधाकट पोराला लष्करी सेवा आहे. सातही जण जून २०२५पर्यंत करून आले. नानांनी त्या दिवसापासून त्यांच्या पोस्टरकडं जरा आदरानं बघायला सुरुवात केली आहे.

कोरियाचं गाणंच मुळी छावणीतून आलंय. युद्धानंतर अमेरिकन तळांवर सैनिकांना रिझवणारे कोरियन गायक तयार झाले. किम सिस्टर्स तिथूनच १९५९ला लास व्हेगासला गेल्या. आणि २०१६ला दक्षिण कोरियानं अमेरिकेची थाड क्षेपणास्त्रं बसवून घ्यायचं ठरवलं तेव्हा चीन असा रुसला, की कागदावर काही न लिहिता कोरियन गायकांचे मोठे कार्यक्रम तिथं बंद झाले. मग कोरियन कंपन्यांना इतर बाजार जास्त गोड वाटू लागले. जेल रोडच्या पोरीच्या भिंतीवर ते सात जण लागले त्याचा एक धागा त्या क्षेपणास्त्रापर्यंत नेता येतो, असं मी म्हटलं. नात म्हणाली, "टीचर, ते क्यूट आहेत म्हणून लावलेत." तेही खरं.

आपल्याकडं अगदी अलीकडं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं ते गलवान. १५ जून २०२०च्या रात्री वीस जवान गेले, २९ जूनला सरकारनं चिनी म्हणून एकोणसाठ ॲप बंद केली. त्यात टिकटॉक. देशातले वीस कोटी लोक त्यावर होते म्हणतात. आमच्या कामाच्या मावशींचा मुलगा बागलाणात मामाकडं राहून अहिराणी गाण्यांवर बैलासमोर नाचायचा. गावात मान होता त्याला. एका रात्रीत तो पुन्हा नुसता भाचा झाला. दहा दिवसांत इन्स्टाग्रामनं रील्स आणलं, पण तिथं आधीपासून शहरातली गोरीगोमटी मंडळी बसलेली. खेड्यातल्या पोरांना पुन्हा पहिलीपासून अभ्यास करावा लागला. त्यांनी केला, आणि आज आमच्याकडच्या हळदीला डीजे अहिराणीशिवाय वाजत नाही. लडाखमध्ये झालेल्या झटापटीनं बागलाणातल्या गाण्याचा पत्ता बदलला. गाणं तेच राहिलं.

म्हणून मला 'झोल' गेल्याचं फार वाटत नाही. सरकारला तो निर्णय घ्यावासा वाटला यात आश्चर्यही नाही. पहलगामनंतर कुणाला गाणी सुचत होती? ऑक्टोबर २०१५ला गुलाम अलींची मुंबईतली मैफल रद्द करावी लागली तेव्हा मात्र मला वाईट वाटलं होतं, कारण ती मैफल जगजीत सिंगांच्या आठवणीसाठी होती, आणि पाहुण्याला दारातून परत पाठवणं ॲप बंद करण्याइतकं सोपं नसतं. नानांचं मत याच्या उलट आहे. त्यांचे दोन सोबती परत आले नाहीत, तेव्हा त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माई म्हणतात, गाणं ऐकायचं तर ऐकावं, गाणाऱ्याला जेवायला बोलावू नये. भिंतीवर तीन मतं आहेत आणि भिंत अजून उभी आहे.

आता वाचकांना एक विनंती. नाशिक रोड, देवळाली, भगूर, सिन्नर या पट्ट्यात निवृत्त फौजींची घरं पुष्कळ. तुमच्या घरात कुणी असतील तर त्यांना विचारा, जयमालेला कुठलं गाणं मागितलं होतं, बराकीत कुठलं स्टेशन लागायचं, आणि सांगतील ते तारीखवार लिहून ठेवा. गीतमालेतली गाणी क्रमांकानिशी उतरवून घेतलेल्या वह्या काही घरांत अजून असतील. त्या रद्दीत घालण्याआधी आपल्या सार्वजनिक वाचनालयात एकदा विचारून बघा. नानांचं मी लिहायला घेतलं आहे. ते रोज संध्याकाळी पाचला भिंतीशी येतात.